एअरब्रश, अ‍ॅक्रिलिक रंग आणि तुंबणारे नोझल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्केल मॉडेल एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या उपकरणाने) रंगवू लागलेल्यांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एकाच उत्तराचा भाग दोन ठिकाणी लागत असेल, तेथे पुनरुक्ती टाळून संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सर्व उत्तरे वरून कप असलेल्या, डबल अ‍ॅक्शन एअरब्रशला धरून लिहिली आहेत. म्हणजे ज्याचा ट्रिगर खाली दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग येतो, असा.

१. नोझल ‘तुंबते’ म्हणजे नेमके काय होते?

या एका तक्रारीखाली तीन निरनिराळे बिघाड सांगितले जातात आणि उपायही निराळे असल्यामुळे आधी ते वेगळे ओळखावे लागतात. पहिला बिघाड म्हणजे नोझलमधून पुढे आलेल्या सुईच्या टोकावर रंग सुकणे. काही मिनिटे फवारा छान चालतो, मग बारीक होतो, मध्येच थुंकल्यासारखे ठिपके उडतात आणि टोक पुसताच सगळे पूर्ववत होते. दुसरा बिघाड म्हणजे वाळलेल्या रंगाची खपली किंवा धाग्याचा तुकडा नोझलमध्ये अडकणे. हा अचानक होतो आणि टोक पुसून जात नाही. तिसरा सर्वांत लबाड आहे. नोझलच्या आतल्या बाजूस रंगाचा पातळ थर आठवड्यागणिक चढत जातो आणि तेवढाच रंग यावा म्हणून ट्रिगर पूर्वीपेक्षा जास्त मागे ओढावा लागतो. हाताला त्याची सवय होत गेल्यामुळे तो बराच काळ लक्षातच येत नाही. माझ्या मते दहांपैकी आठ तक्रारी पहिल्या प्रकारच्या असतात. त्या अस्वच्छतेमुळे नव्हे, तर रंग नको त्या जागी सुकल्यामुळे उद्भवतात.

२. एनॅमल रंगांनी हा त्रास होत नव्हता. अ‍ॅक्रिलिकच का तुंबतो?

पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक रंगात राळेचे (रेझिनचे) अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांना चिकटतात, एकजीव होतात आणि त्यांचा पापुद्रा तयार होतो; हा पापुद्रा नंतर पाण्यात पुन्हा विरघळत नाही. मॉडेलवर हेच आपल्याला हवे असते. मात्र सुईच्या टोकावर रंगाचा अगदी पातळ थर असतो आणि त्यावरून हवेचा झोत सतत वाहत असतो, त्यामुळे तेथे हीच क्रिया कितीतरी आधी पुरी होते. एनॅमलमधील द्रावक सावकाश उडतो आणि राळ हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन तासांच्या हिशेबाने कडक होते, म्हणून टोकावर तिला तेवढी सवड मिळत नाही.

३. बाटलीवर ‘अ‍ॅक्रिलिक’ लिहिले आहे. मग कोणताही अ‍ॅक्रिलिक थिनर चालेल ना?

चालणार नाही. थिनर म्हणजे रंग पातळ करणारा द्रव, आणि सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीने होते. मॉडेलकारांच्या वापरात अ‍ॅक्रिलिकची दोन कुळे आहेत. व्हॅलेहो कंपनीच्या मॉडेल एअर आणि मॉडेल कलर या मालिका पाण्यावर आधारित आहेत. तामियाचे एक्स आणि एक्सएफ रंग किंवा मिस्टर हॉबीचे अ‍ॅक्वियस रंग पाण्याने धुता येत असले, तरी त्यांची घडण अल्कोहोलसारख्या द्रावकांवर आहे. त्यामुळे तामियाचा रंग त्यांच्याच एक्स-२०ए थिनरमध्ये तर उत्तम मिसळतोच, शिवाय लॅकर थिनर या अधिक तीव्र द्रावकातही मिसळतो आणि अनेकांना तसाच अधिक आवडतो. पाण्यावरच्या कुळात अल्कोहोल किंवा लॅकर थिनर घातला, तर मात्र तरंगणारे कण एकदम गोळा होऊन रंग फाटतो.

सुरुवातीच्या काळात मी स्वतः पाण्यावरच्या करड्या रंगात लॅकर थिनरचे सात-आठ थेंब थेट कपात टाकले होते. काडीने ढवळताच रंगाची रबरासारखी गाठ झाली, काडीबरोबर ती ओढली जाऊ लागली आणि तिचा शेपटासारखा भाग आधीच नोझलपर्यंत पोहोचलेला होता. ती सगळी बाहेर काढायला अख्खी संध्याकाळ गेली. तेव्हापासून नवी जोडी कपात जाण्याआधी एका जुन्या झाकणात रंगाचे दोन आणि थिनरचे दोन थेंब कालवून मिनिटभर थांबतो आणि झाकण तिरके करतो. मिश्रण एकसारखे घरंगळले तर ठीक. मागे रवाळ कण किंवा तारा राहिल्या तर ती जोडी बाद.

४. रंग किती पातळ करावा? नेमके प्रमाण सांगा.

सुरुवात करण्यापुरते प्रमाण सांगता येते, कायमचे नाही; कारण एकाच मालिकेतील दोन छटाही सारख्या दाट नसतात. तामियाच्या रंगाला एक भाग रंग आणि एक ते दोन भाग थिनर असे धरावे. ब्रशने लावण्याच्या दाट, पाण्यावरच्या रंगाला एकास एक येथून आरंभ करावा. ‘साय काढलेल्या दुधाइतका पातळ’ हे सर्वत्र सांगितले जाणारे माप खोटे नाही, पण ते सांगणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असते. त्याऐवजी मिश्रण कपाच्या भिंतीवर काडीने वर चढवून पाहावे. ते पटकन खाली उतरले आणि मागे अर्धपारदर्शक, सलग ओल राहिली, तर मिश्रण योग्य आहे. जाड पट्टा मागे राहून सावकाश सरकला, तर रंग दाट आहे; भिंत जवळपास कोरी झाली, तर तो फार पातळ आहे. मिश्रण वेगळ्या भांड्यात करणे उत्तम. कपातच करायचे असेल तर आधी थिनर आणि मग रंग घालावा, कारण उलट केल्यास न पातळ केलेला पहिला थेंब थेट नोझलच्या तोंडाशी जाऊन बसतो आणि ढवळणारी काडी तेथवर पोहोचत नाही.

५. ‘एअरब्रशसाठी तयार’ असलेला रंग थेट ओतावा का?

०.४ मिमी किंवा त्याहून मोठ्या नोझलमधून बरेचदा चालतो. ०.२ किंवा ०.३ मिमी नोझलसाठी मी तोही त्याच कंपनीच्या थिनरचे १० ते २० टक्के घालून वापरतो. बाटली मात्र मिनिटभर तरी हलवावी. तळाशी बसलेले रंगद्रव्य वर न आल्यास पहिले मॉडेल फिके येते आणि शेवटच्या मॉडेलला नोझल तुंबते.

६. पाण्यावरचा रंग आहे, तर साधे पाणी का घालू नये?

थोडे घातले तर बिघडत नाही. पण पाण्याचा पृष्ठताण जास्त असतो, म्हणून फवारा प्लास्टिकवर सपाट न पसरता थेंबाथेंबांनी आक्रसतो. आणि पाणी वाढवत गेल्यावर राळ इतकी विरळ होते की रंगाची पकड जाते, मास्किंग टेप काढताना तो टेपबरोबरच सुटून येतो. कंपनीच्या थिनरमध्ये हे दोन्ही सांभाळलेले असते. पाणीच वापरायचे असेल तर ते डिस्टिल्ड घ्यावे आणि त्यात फ्लो इम्प्रूव्हरचे (प्रश्न ७) थेंब टाकावेत.

७. फ्लो इम्प्रूव्हर आणि रिटार्डर यांत फरक काय? दोन्ही लागतात का?

फ्लो इम्प्रूव्हर पृष्ठताण कमी करतो, म्हणून रंग नोझलमधून सुरळीत वाहतो आणि मॉडेलवर नीट पसरतो. रिटार्डर पाणी उडण्याचा वेग कमी करतो, म्हणून रंग टोकावर उशिरा सुकतो. बऱ्याच कंपन्यांच्या फ्लो इम्प्रूव्हरमध्ये सुकणे लांबवणारा घटकही असतो, त्यामुळे एकच बाटली घ्यायची असेल तर ती घ्यावी. कपातील दहा थेंब रंगाला एक थेंब, फार तर दोन, एवढे पुरते. रिटार्डर जास्त झाल्यास रंग कित्येक तास चिकट राहतो, त्यावर बोटांचे ठसे उठतात आणि दुसरा हात मारला की पहिला उखडतो. तुंबण्यावर ‘आणखी रिटार्डर’ हा उपाय करत राहणारे अखेर न सुकणाऱ्या मॉडेलची तक्रार घेऊन परत येतात.

८. हवेचा दाब किती ठेवावा?

सर्वसाधारण रंगकामासाठी १५ ते २० पीएसआय (दाबाचे एकक), म्हणजे सुमारे १ ते १.४ बार. बारीक रेषा आणि छटांसाठी बरेच पातळ केलेले मिश्रण १० ते १२ पीएसआयवर चालते. पाण्यावरचा पॉलियुरेथेन प्रायमर (रंगाच्या आधी द्यायचा थर) दाट असल्याने २० ते २५ पीएसआय मागतो. आकडा नेहमी ट्रिगर दाबून, हवा वाहत असताना वाचावा. बंद स्थितीतला आकडा त्याहून जास्त दिसतो आणि त्यावर विसंबून अनेकजण नकळत फारच कमी दाबावर काम करतात.

नोझल अडखळू लागले की दाब वाढवण्याचा मोह होतो. त्याने अडकलेला कण कधीकधी निघतोही, पण झोत वाढल्याने टोक आणखी लवकर सुकते आणि अडचण दुप्पट वेगाने परत येते. रंग येत नसेल तर आधी मिश्रण पातळ करावे. दाबाला नंतर हात लावावा.

९. फवारताना टोकावर रंग जमतोच. काम न थांबवता काय करावे?

टोकावर रंग काही प्रमाणात जमणारच, असे धरून चालावे आणि तो घट्ट व्हायच्या आत काढण्याची सवय लावावी. सुईचे टोक दिसेल अशी दोन दात्यांची किंवा मुकुटाकृती टोपी बसवावी आणि थिनरमध्ये किंचित भिजवलेला मऊ ब्रश हाताशी ठेवावा. दर काही मिनिटांनी, फवाऱ्यात फरक दिसण्याची वाट न पाहता, ब्रश टोकावरून मागून पुढे फिरवावा. भिंगातून पाहिल्यास सुईच्या निमुळत्या भागाला रंगाची एक बारीक कॉलर चढलेली दिसते. ती ओली असताना एका हातासरशी निघते. सुकली की नखाने खरवडावी लागते आणि तेव्हाच सुई वाकते. कापसाच्या काडीचे तंतू नोझलमध्ये अडकतात, म्हणून ती मी या कामाला वापरत नाही.

ट्रिगरची सवयही तेवढीच महत्त्वाची आहे. आधी हवा, मग रंग, आणि थांबताना आधी रंग बंद करून मग हवा. हा क्रम उलटा झाला की टोकावर थेंब उरतो आणि पुढच्या वेळी मॉडेलवर उडतो. हवा चालू ठेवून विचार करत बसणे हे मात्र टोक सुकवण्याचे हमखास साधन आहे. मॉडेल हातात फिरवून पाहायचे असेल तेव्हा ट्रिगर पूर्ण सोडावा आणि पुन्हा सुरू करताना पहिला फवारा नेहमी कागदावर मारावा.

१०. मोठे नोझल घेतले तर प्रश्न मिटेल का?

कमी होईल, मिटणार नाही. ०.२ मिमीचे नोझल बारीक कामाला सुंदर असले, तरी पाण्यावरच्या अ‍ॅक्रिलिकने शिकणाऱ्याची परीक्षाच पाहते. पहिला आणि एकमेव एअरब्रश घेणाऱ्याला मी ०.३ किंवा ०.४ मिमी सुचवीन; प्रायमर आणि वॉर्निशसाठी ०.५ मिमीचा वेगळा असल्यास सोय होते. नोझल बदलताना सुईही त्याच मापाची लागते.

११. इतर रंग ठीक चालतात. पांढरा, धातूचे रंग, प्रायमर आणि मॅट वॉर्निशच का अडतात?

प्रत्येकाचे कारण वेगळे आहे. पांढऱ्या रंगाने खालचा रंग झाकावा म्हणून त्यात टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असते, आणि ते जड असल्याने कपातही खाली बसते. तो अधिक पातळ करून जास्त हात मारणे हाच मार्ग आहे. धातूच्या रंगांतील चकाकणारे चपटे कण आकाराने मोठे असतात, त्यांना ०.२ मिमीतून ढकलण्याचा आग्रह धरू नये. पॉलियुरेथेन प्रायमर सुकताना लवचीक कातडे धरतो, जे पुसले जात नाही, सोलले जाते. म्हणून त्याच्या कामात पाच मिनिटांचीही विश्रांती घ्यायची असेल तर आधी पाणी फवारून घ्यावे. मॅट वॉर्निशमधील चमक मारणारी पूड तळाशी बसते, त्यामुळे बाटली नीट न हलवल्यास वरचा भाग चमकदार निघतो आणि तळचा गाळ नोझलमध्ये जातो.

१२. रंग गाळून घ्यावा का?

नवी बाटली असेल तर गरज नाही. जुन्या बाटलीच्या तोंडाशी मात्र वाळलेल्या रंगाचे कडे तयार होते आणि रंग ओतताना त्याचे तुकडे सोबत येतात. पहिल्या प्रश्नातील दुसरा बिघाड बहुतेक वेळा येथूनच सुरू होतो. तोंड ओल्या कापडाने पुसून घ्यावे, रंग ड्रॉपरने मधूनच काढावा आणि शंका वाटल्यास बारीक नायलॉनच्या जाळीतून गाळावा. जाळी कपातच ठेवून फवारणे मला पसंत नाही. ती भरली की आणखी एक तुंबणारी जागा तयार होते.

१३. दर वेळी रंग बदलताना एअरब्रश पूर्ण खोलावा लागतो का?

नाही. उरलेला रंग ओतून कप पुसावा, त्यात थोडे पाणी किंवा त्या रंगाचा थिनर घालून ब्रशने भिंती आणि तळाचा कोपरा घासावा आणि फवारा स्वच्छ येईपर्यंत हे दोन-तीनदा करावे. फिक्याकडून गडदाकडे जाण्याचा क्रम ठेवल्यास एवढे पुरते. पांढरा किंवा धातूचा रंग वापरल्यानंतर मात्र सुई काढून पुसावी.

अपवाद कूळ बदलण्याचा. पाण्यावरच्या रंगानंतर लगेच तामिया किंवा लॅकर घालायचा असेल, तर आधी भरपूर पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मगच नवा थिनर, असा क्रम पाळावा. परत येताना तो उलटा. मधली पायरी गाळल्यास प्रश्न ३ मधील गाठ नोझलच्या आत तयार होते, जेथे ती दिसतही नाही.

१४. काम संपल्यावर सफाईची योग्य पद्धत कोणती?

आधी प्रश्न १३ प्रमाणे फवारून घ्यावे. मग मागची दांडी काढून सुई धरणारी चकती सैल करावी आणि सुई सरळ रेषेत मागे ओढून काढावी. टोकावर वाळलेला रंग असेल तर तो आधी भिजवून पुसावा, नाहीतर ओढताना तो आतल्या सीलमध्ये जाऊन बसतो आणि ट्रिगर अडकू लागतो. सुई थिनर लावलेल्या कापडात हलकेच धरून टोकाच्या दिशेने, गोल फिरवत पुसावी. टोकाकडून मागे कधीही पुसू नये, कारण त्यात बोटही फुटते आणि सुईही वाकते.

नोझल पान्याने सोडवायचे असल्यास पाना फक्त मळसूत्राची पकड सुटेपर्यंत वापरावा आणि उरलेले बोटांनी करावे. ०.३ मिमीच्या नोझलचे मळसूत्र इतके नाजूक असते की परत बसवताना जोर दिल्यास ते आत तुटून राहते. नोझलच्या आतून निमुळता मऊ ब्रश किंवा टोक तासलेली लाकडी काडी थिनरमध्ये बुडवून फिरवावी. सुई किंवा टाचणी घुसवून कोरू नये. भोक लंबगोल झाले की फवारा कायमचा एका बाजूला जातो. शेवटी आधी नोझल आणि मग सुई बसवावी, आणि सुई पुढे सरकवताना ती टेकल्याचे जाणवताच थांबावे. पूर्ण खोलून सफाई रोज लागत नाही. पाण्यावरचे रंग वापरणाऱ्याने ती प्रत्येक बैठकीच्या शेवटी केली तर उत्तम. तामिया वापरणाऱ्याला दोन-तीन बैठकींनंतर केली तरी चालते.

१५. सफाई विसरलो आणि आता रंग आत वाळला आहे. वाचवता येईल का?

बहुधा येईल. सुई हलत नसेल तर ती जोराने ओढू नये. कपात एअरब्रश क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल भरून पुढचे टोकही त्यातच बुडेल असे अर्धा तास ठेवावे आणि मग सुई फिरवून पाहावी. सुटे केलेले नोझल रात्रभर भिजवता येते. संपूर्ण एअरब्रश मात्र भिजवू नये, कारण हवेच्या झडपेतील वंगण निघून जाते आणि साध्या रबराच्या ओ-रिंग द्रावकात फुगतात; पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) सीलला तो धोका नसतो. अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रावणाने वाळलेले अ‍ॅक्रिलिक चांगले सुटते, परंतु अमोनिया पितळेला मानवत नाही. म्हणून त्यात भाग ठेवून विसरू नये आणि नंतर पाण्याने धुवावे.

१६. कपातील रंगात बुडबुडे का येतात?

हवा पुढे जाण्याऐवजी रंगाच्या वाटेने मागे येते आहे, असा याचा अर्थ. नोझल तुंबलेले असेल, नीट घट्ट बसलेले नसेल किंवा त्याला चीर गेलेली असेल, तर असे होते. याच क्रमाने तपासावे. चीर असल्यास दुरुस्ती नाही, नोझल बदलावे लागते. नोझलचे तोंड बोटाने किंवा कापडाने बंद करून मुद्दाम बुडबुडे काढण्याची सफाईची रीत आहे. ती कमी दाबावर, कप झाकून आणि सौम्य क्लीनरसह करावी. लॅकर थिनर भरून केल्यास तो डोळ्यांत उडू शकतो.

१७. सगळे स्वच्छ आहे, रंगही पातळ आहे, तरी फवारा तुटक येतो. आता काय?

कपावर झाकण असल्यास आधी त्याचे छिद्र पाहावे. ते वाळलेल्या रंगाने बुजले की कपात हवा शिरत नाही, रंग खाली उतरत नाही आणि माणूस तासभर नोझल साफ करत बसतो. झाकण काढताच फवारा सुरू झाला, तर दोष तेथेच आहे. त्यानंतर सुई नखावर हलके टेकवून फिरवावी. टोक हुकासारखे वळलेले असेल तर ते नखाला ओरखडा काढते. किंचित वाकलेली सुई सपाट धातूवर दाबत फिरवून सरळ करता येते, पण ती नव्यासारखी होत नाही. सुई धरणारी चकती सैल असेल तर ट्रिगर ओढूनही सुई हलत नाही. आणि फवाऱ्यात अधूनमधून पाण्याचे थेंब दिसत असतील, तर ते कॉम्प्रेसरच्या नळीत साचलेले आहेत. ओलावा अडवणारा ट्रॅप रिकामा करावा.

१८. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मिश्रण बदलावे लागते का?

कोरड्या, गरम हवेत टोक लवकर सुकते. अशा वेळी रिटार्डरचा थेंब वाढवावा (मर्यादा प्रश्न ७ मध्ये आहे) आणि पंख्याचा झोत टेबलावर येऊ देऊ नये. दमट हवेत टोकाचा त्रास घटतो, पण मॉडेल सुकायला वेळ लागतो आणि ट्रॅपमध्ये पाणी जास्त जमते. रिटार्डर तेव्हा बहुधा लागतच नाही.

१९. नोझल तुंबत नाही, पण मॉडेलवर रंग खरखरीत पावडरीसारखा बसतो. हाही तुंबण्याचाच प्रकार आहे का?

मूळ तेच आहे, जागा वेगळी. येथे रंग टोकावर न सुकता, मॉडेलपर्यंत पोहोचण्याआधी हवेतच सुकतो. अंतर ५ ते १० सेंटिमीटरवर आणावे, दाब थोडा उतरवावा आणि प्रत्येक हात क्षणभर ओला चमकेल इतपत द्यावा. याउलट रंग कोळ्याच्या जाळ्यासारखा चहूकडे पळत असेल, तर तो फार पातळ आहे किंवा दाब फार आहे.

२०. पाण्यावरच्या रंगाला मास्क लागतो का?

लागतो. वास नसला तरी राळ आणि रंगद्रव्याचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात जातात, म्हणून कण अडवणारा मास्क आणि खोलीत हवा खेळती हवी. तामिया, अल्कोहोल किंवा लॅकर थिनर वापरताना सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या काडतुसांचा मास्क आवश्यक आहे, आणि त्या वाफा ज्वलनशील असल्याने ठिणगी पडू शकेल अशा मोटरचा पंखा फवारणीच्या पेटीत बसवू नये.